चोवीस-सत्तर की चोवीस-एकशेपाच

२४ नोव्हेंबर २०१३, रविवार

हणमंतकाका हा माणूस मला आवडत नाही.

हे वाक्य आधी इंग्लिशमध्ये लिहून बघितलं. इंग्लिशमध्ये राग लिहिला की लीव्ह अॅप्लिकेशन वाटतं. शिवाय पप्पा इंग्लिश फटाफट वाचतात, आणि माझं मराठी अक्षर त्यांना दुसऱ्या ओळीतच दमवेल. म्हणून मराठी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं, इथे कोण मार्क देणार आहे.

काकांचं हैदराबादेत, हिमायतनगरला लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. बावीस वर्षं तोच धंदा. खांद्यावर टेपवाला कॅमेरा, आणि एडिटिंगमध्ये नवरा-नवरी बदामातून बाहेर येतात. आता लोकांना बदाम नको, सिनेमासारखं पाहिजे. म्हणून दिवाळीत काकांनी नवीन कॅमेरा घेतला, ज्यात फोटो पण निघतात आणि व्हिडिओ पण. नुसता कॅमेरा. लेन्स घ्यायची बाकी आहे. एकच घ्यायची, झूमवाली, दोन्ही कामं करणारी. ती निवडायला मला बोलावलं, कारण दुकानात इंग्लिश रिव्ह्यू वाचणारं कोणी नाही.

बोलावलं म्हणजे कसं? "ए इंजिनीअर, घरी रिकामी बसून राहिलीस ना? ये, काम कर."

बी.टेक. होऊन सहा महिने झाले. कंपनीने ऑफर लेटर दिलंय, जॉइनिंग डेट देत नाही. यात माझी काय चूक? आणि खरं सांगू, ती डेट यायलाच नको. मला कोडिंग करायचं नाही. फोटो काढायचेत. डेट यायच्या आत काकांच्या दुकानात फोटोग्राफर म्हणून माझी जागा पक्की झाली पाहिजे. लेन्स बरोबर निवडली की ते नाही कसे म्हणतील?

२८ नोव्हेंबर

एकशे बारा रिव्ह्यू वाचले. दोनच लेन्स उरल्या.

चोवीस-सत्तर. हिच्यातून उजेड भरपूर येतो. फंक्शन हॉलमध्ये कितीही अंधार असू दे. आणि हिची जादू म्हणजे ज्याच्यावर फोकस केला तेवढंच टाचणीसारखं शार्प, बाकी सगळं धूसर. सिनेमा!

चोवीस-एकशेपाच. हिच्यातून लांबचं जास्त जवळ येतं. आणि आत स्टॅबिलायझर आहे, म्हणजे धरणाऱ्याचा हात हलला तरी चित्र हलत नाही. पण उजेड निम्मा, आणि धूसर पण बेताचंच.

पहिली लेन्स आहे. दुसरी बफे आहे, सगळं थोडं थोडं.

६ डिसेंबर, शुक्रवार

भांडण झालं.

दुकानात टीव्ही चालू होता. काल दिल्लीत मंत्रिमंडळाने बिल पास केलं, आंध्र प्रदेशाचे दोन तुकडे, तेलंगणा वेगळं, हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी. काकांना लगेच सुचलं. "बघ, लेन्स पण अशीच पाहिजे. फोटोची पण राजधानी, व्हिडिओची पण. एकशेपाच घेऊ."

मी म्हटलं, "काका, एकशेपाचमध्ये उजेड कमी."

"उजेड मी देतो. लाईट कशाला ठेवलीय? मला स्टॅबिलायझर पाहिजे. स्टेजवर ट्रायपॉड लावायला जागा कोण देतं? तिथे नवरीच्या आत्या बसतात."

"पण सिनेमॅटिक लुक..."

"आणि लांबून घेता आलं पाहिजे. प्रत्येक लग्नात ऐन वेळेला कोणीतरी एक काका समोर येऊन उभे राहतात."

"ते काका तुम्हीच असता."

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग काका म्हणाले, "यूट्यूबवर लग्नं लागत नाहीत, इंजिनीअर."

मला माहितीय प्रॉब्लेम काय आहे. बावीस वर्षं जे केलं त्याच्या पुढचं या माणसाला दिसत नाही. मला दिसतं म्हणून राग येतो.

९ डिसेंबर

कोटीच्या बाजारात गेलो, लेन्सच्या दुकानात. दुकानदाराने दोन्ही लेन्स काचेवर ठेवल्या. काकांनी चोवीस-सत्तर उचलली. "अगे आई, हा वरवंटा आहे का?"

मी कॅमेऱ्याला लावून दुकानदाराच्या पोराचा फोटो काढला. पोरगा एकदम हीरो, मागची कपाटं सगळी धुकं. काका स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना आवडला. मला दिसलं त्यांना आवडला ते.

मग म्हणाले, "हिच्यात स्टॅबिलायझर आहे ना?"

दुकानदार फोनवर होता. मी म्हटलं, "हौ."

एवढंच. हौ हा शब्द इतका छोटा आहे की त्याला खोटं कसं म्हणायचं? मी पुढे काही एक्स्प्लेन केलं नाही. कोणी विचारलं पण नाही. आणि समजा एकशेपाच घेतली असती तर नुकसान कोणाचं होतं? त्यांचंच. उलट मी त्यांना वाचवलं.

चोवीस-सत्तर घेतली!

१० डिसेंबर

काकांनी लेन्स कागदातून काढून दोनदा फिरवली. म्हणाले, "त्या दुसरीवर दोन स्विच होते. हिच्यावर एकच आहे."

मी म्हटलं, "ही नवीन आहे. ऑटोमॅटिक."

"अच्छा. ऑटोमॅटिक."

"हौ."

त्यांनी टोपण लावलं आणि लेन्स माझ्या हातात दिली. "मग तूच चालव. एकनाथराव वकिलांच्या मुलीचं लग्न आहे फेब्रुवारीत. तू कर."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी डायरीत माझं नाव लिहिलं. वकिलांच्या नावासमोर माझं नाव, कॅमेरा माझ्याकडे, पूर्ण लग्न! काका फक्त लाईट धरणार. घरी येईपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते. शेवटी पटलंच ना त्यांना!

११ जानेवारी २०१४

डेट आली. ३ मार्च, सकाळी साडेनऊ, गच्चीबावली. येताना ओरिजिनल सर्टिफिकेट्स.

पप्पांनी पेढे आणले. मी सांगून टाकलं, जाणार नाही, काकांच्या दुकानात काम करणार. मम्मी किचनमधून बाहेरच आली नाही. पप्पा म्हणाले, "सिकंदराबादला रेल्वेत मी बत्तीस वर्षं काढली, ती तू पंगतीत कॅमेरा घेऊन उभी राहावीस म्हणून नाही, जयवंता."

मी रडले. माझ्या रडण्याने पप्पा कधी बदलत नाहीत, पण मग स्वतःच म्हणाले, "हणमंताने स्वतःच्या तोंडाने सांगू दे, ही मला दुकानात पाहिजे. त्याने सांगितलं तर मी अडवणार नाही. पण तो सांगणार नाही. मी माझ्या भावाला ओळखतो."

म्हणजे आता सगळं वकिलांच्या लग्नावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या लग्न. नवरी आपली, हिमायतनगरची. नवरा काकिनाड्याचा, आंध्रवाला. या दिवसांत हे म्हणजे काय ते सगळ्यांना कळतंय. हॉलच्या पार्किंगमध्येच त्यांचे आणि यांचे ड्रायव्हर वेगवेगळे उभे होते. वकिलांनी आधीच समझोता केलाय, विधी त्यांच्या पद्धतीने, मंगलाष्टकं आपली, मध्ये अंतरपाट.

बॅटऱ्या चार्ज, कार्डं फॉर्मॅट. काका वायर गुंडाळत म्हणाले, "त्यांच्या पंतुलुला भेटून घे. कधी काय होतं विचार."

पंतुलु म्हणजे त्यांचे भटजी. मी म्हटलं, "काका, हैदराबादेत जन्मलेय मी. लग्न कसं लागतं ते मला शिकवता?"

"बघितलंयस का त्यांचं?"

"शंभर बघितलीत."

इथे खरं लिहायला हरकत नाही. तेलुगू लग्नाला आपण रात्री रिसेप्शनला जातो. पाकीट देतो, पुलिहोरा आणि डबल का मीठा खातो, येतो. त्यांचे मुहूर्त पहाटे तीन-तीनला असतात, कोण जाणार? पण अंतरपाट आपल्यात पण आहे, त्यांच्यात पण आहे. पडदा पडतो, हार घालतात, लग्न लागतं. त्याच्यात विचारायचं काय?

काका परत वायर गुंडाळायला लागले. उद्या माझं नाव होणार हे त्यांना सहन होत नाहीये. अजून काय?

१६ फेब्रुवारी, रविवार

सुपरहिट!!!

दहा बेचाळीसचा मुहूर्त. मी स्टेजवर नवरीच्या बाजूला जागा धरली, एकदम जवळ. सत्तरला लांबून जमत नाही, जवळच जावं लागतं. मंगलाष्टकं झाली, मग त्यांच्या पंतुलुंचे मंत्र. काका अंतरपाटाच्या टोकाला लाईट धरून. तिथून मला सारखा हात करत होते, इकडे ये, इकडे ये. तीन वेळा. कॅमेरा माझ्याकडे आहे हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. मी बघितलंच नाही असं केलं.

मग मध्येच काय झालं काय की, त्यांचे डोलू-सन्नाईवाले, म्हणजे ढोल-सनईवाले, एकदम जोरात सुरू. कान फुटतील असे. अक्षता पण पडायला लागल्या, पडदा पडायच्या आधीच! शिस्तच नाही. व्हिडिओत आवाज फाटत होता म्हणून मी व्हिडिओ बंद केला आणि तेवढ्यात फोटो काढले. नवरीचे डोळे खाली, पापणीवर पाणी, डोक्यावर अक्षता. पडद्यावरून नवऱ्याचा हात आला आणि तिच्या डोक्यावर काहीतरी चिकट ब्राउन ठेवलं. तिने पण हात वर केला. मागे नवरा, छान धूसर. ओ माय गॉड. पापणीचा एक एक केस मोजता येतो!

मग पडदा पडायच्या आधी व्हिडिओ परत चालू. पडदा पडला, हार, हसणं, सगळं कडक मिळालं. काका लाईटच्या मागून ओरडत होते, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

जेवताना काकांनी वांग्याची भाजी तशीच ठेवली.

१७ फेब्रुवारी

पापणीवाला फोटो दुकानाच्या पेजवर टाकला. दुपारपर्यंत दोनशे लाईक. वकिलांच्या मुलाने घरच्यांना पाठवला. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे विचारतात कोणती लेन्स.

काकांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून खूप वेळ बघितला.

"पेजवर टाकलास?"

"हौ."

"काढ."

मी नाही काढला. जळतात.

१८ फेब्रुवारी

लिहिताना हात गरम होतायत.

दुपारी नवऱ्याचे मामा दुकानात आले, सूर्यनारायण गारू, गारू म्हणजे आपलं राव. पांढरा शर्ट, हातात फोन, फोनवर माझा फोटो. टीव्हीवर लोकसभा चालू होती, सगळे ओरडत होते. मामा मात्र हळू बोलले.

"अम्मा, हमारा लड़का किधर है इसमें?"

मी मागे बोट दाखवलं. "यह है ना, अंकल."

"यह? यह तो धुआँ है."

मी हसले! मला वाटलं कौतुक करतात. म्हटलं, "वही तो लेन्स का कमाल है."

मग ते ओरडले. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, आणि जे कळलं ते असं. ते ब्राउन चिकट म्हणजे जिरं आणि गूळ, जीलकर्र-बेल्लम. पडदा मध्ये असतानाच दोघं ते एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, बरोबर मुहूर्ताच्या मिनिटाला. तेच लग्न. त्यासाठीच वाजंत्री जोरात, त्यासाठीच अक्षता. पडदा पडतो तो नंतर, लग्न लागून गेल्यावर. हार म्हणजे शोभा. आणि त्या मिनिटाचा माझ्याकडे व्हिडिओ नाही, आणि जेवढे फोटो आहेत त्यात सगळ्यांत त्यांचा मुलगा धूर.

"दिल्ली में हमको मिटा रहे, इधर फोटो में भी मिटा दिए. तुम लोग तेलंगणावाले..."

"अंकल, हम तो मराठी हैं."

"तो तुम को क्या पड़ी है! किसी का भी घर टूटे!"

मी घाबरले आणि जे सुचलं ते बोलले. म्हटलं, अंकल, दहा मिनिटांचं काम आहे, दोघांना बोलवा, परत करू, मी नीट काढते. हारांचं आपण करतो की तसं, परत घाला, इकडे बघा, स्माईल.

मामांनी फोन खिशात घातला. काकांनी मला खांद्याला धरून मागे केलं आणि हात जोडले. "पिलकाय, लहान पोर आहे, तिला कळत नाही." मामांना मराठी कळलं नाही तेव्हा काका तेच तेलुगूत बोलले. मामा म्हणाले, गुरुवारी वकिलांच्या घरी या, दोघं. आणि गेले.

तेवढ्यात टीव्हीवर लोकसभेचं थेट प्रक्षेपण बंद झालं. काही दिसेना. नंतर कळलं, आत बिल पास झालं.

काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बघ. तिथे पण ऐन मुहूर्ताला चित्र गायब. तुझीच लेन्स लावली होती काय?"

मी दुकानाच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

१९ फेब्रुवारी

आज मी पण बोलले. सकाळी शटर वर गेलं तशीच उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं ना, मुहूर्त कधी असतो ते? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. पंतुलुला विचार म्हटलं. हात करून बोलावलं. पडद्याच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसतात. तिथूनच घेतात ते."

"स्पष्ट सांगायचं होतं!"

"तुला? शंभर लग्नं बघितलेल्या बाईला?"

"तुम्हाला मी पडायलाच पाहिजे होते."

काका लेन्स पुसत होते. पुसायचं थांबले नाहीत. "स्टॅबिलायझर नाही हिच्यात. स्विच नाही ते पहिल्या दिवशीच दिसलं. लेन्स पहिल्यांदा हातात धरली का मी?"

मी त्यांच्या हातातल्या लेन्सकडे बघितलं.

"मग मला का दिली? का दिलं लग्न?"

"बघत होतो, सांगतेस कधी. दोन महिने होते तुला."

दोन महिने रोज चहा प्यायलो आम्ही समोरासमोर. रोज या माणसाला माहीत होतं. रोज माझ्याकडे बघून ऑटोमॅटिक म्हणत होता, आणि मी हौ म्हणत होते! असा कोण असतो? सरळ थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

चूक माझी आहे. पण ही पद्धत आहे का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

वकिलांचं घर. समोर एकनाथराव, मामा, आणि नवऱ्याची आई. तिचं नाव कोणी सांगितलं नाही, सगळे अम्मा म्हणत होते. काळ्या मण्यांचं बारीक मंगळसूत्र, हातात माझ्या फोटोंचा लिफाफा.

वकील काकांना म्हणाले, "हणमंतराव, तुमच्यावर विश्वास ठेवून दिलं होतं."

मला वाटलं काका माझी बाजू सांभाळतील. निदान दुकानाच्या नावासाठी. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "फोटो हिने काढले. हिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मामांनी स्वतःच वाट काढून दिली. "लेन्स ख़राब था क्या? नया था ना?"

हौ म्हटलं की संपलं. लेन्स खराब. कोणाचा दोष नाही, नशीब. अम्माने पण मान वर केली, तिला पण तेच ऐकायचं होतं असं वाटलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी म्हटलं, "लेन्स ठीक था. मेरे को मालूम नहीं था कि शादी उस टाइम होती. मैं परदा गिरने का रास्ता देख रही थी."

अम्मा वकिलांशी तेलुगूत बोलली. वकिलांनी मला मराठीत विचारलं, "त्या विचारतात, तू कुठली?"

"विद्यानगर."

"जन्म इथलाच?"

"हौ."

"आणि, त्या म्हणतात, आमचं एकपण लग्न लागताना बघितलं नाहीस?"

"रिसेप्शनला येतो आम्ही."

अम्माला हे भाषांतर न करताच कळलं. "भोजनानिकि," ती म्हणाली. जेवायला.

वकील खाली बघायला लागले. मला वाटतं ते पण आयुष्यभर जेवायलाच गेले असतील.

बाहेर एकदम फटाके. राज्यसभेत पण बिल पास झालं असणार. गल्लीत पोरं जय तेलंगणा ओरडत होती. मामा उठले, खिडकी लावली, परत येऊन बसले.

मी परत करू या म्हणाले ते अम्माच्या कानावर गेलेलं होतं. तिने लिफाफा टीपॉयवर ठेवला आणि हिंदीत, एक एक शब्द जोडत म्हणाली, "अल्बम में वो पन्ना खाली रखो. उधर कुछ नहीं लगाना. हार का भी नहीं. मेरा पोता पूछेगा तो मैं बताऊँगी."

मी हो म्हटलं. तिने चहा दिला. मी कपात बघून प्यायले.

येताना काकांच्या स्कूटरवर फटाक्यांच्या धुरातून. नारायणगुड्याच्या सिग्नलला काका म्हणाले, "लेन्सवर ढकलता आलं असतं."

"तुमच्याजवळ एकदा ढकलून बघितलं."

"हौ," काका म्हणाले, आणि गिअर टाकला.

२६ फेब्रुवारी

आल्बम आला. ते पान मी स्वतः लावलं. आधी गणपती, मंगलाष्टकं, अंतरपाट, मग कोरं पान, मग हार. बाइंडरने दोनदा विचारलं, मॅडम, एक पन्ना छूट गया. मी म्हटलं, नहीं छूटा.

पप्पांनी काळे बूट आणलेत माझ्यासाठी. सर्टिफिकेट्सची फाईल टेबलावर. रोज एकदा उघडून बंद करतात.

शेवटी दुकानात जाऊन विचारलं. "पप्पांना काय सांगू? तीन तारीख आली."

काका वायरची गाठ सोडवत होते. "मला काय माहीत. मला तीन तारखेला नाचारमला लाईट धरायला माणूस पाहिजे. सकाळी सहा. तेलुगू लग्न आहे."

"फोटो?"

"कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. सहा महिने तरी."

"मी इंजिनीअर आहे, काका."

"मग वायर नीट गुंडाळता येईल."

मी चप्पल घातली आणि निघाले. लाईट धरू? पप्पांसमोर कुठल्या तोंडाने सांगू, बी.टेक. फर्स्ट क्लास, पोस्ट लाईट? गच्चीबावलीला एसी आहे, कॅन्टीन आहे, आणि तिथे कोणी दोन दोन महिने गप्प बसून माझी परीक्षा घेणार नाही. गेलेलं बरं.

२ मार्च

पप्पांनी बूट पॉलिश केले.

३ मार्च, सोमवार

संध्याकाळ. पेन धरवत नाही, उजवा हात खांद्यापासून गेलाय.

पाच वाजता बाहेर पडले, गच्चीबावलीला नाही, नाचारमला. पडद्याच्या टोकाहून दोन्ही बाजू कशा दिसतात ते एकदा बघायचं होतं. मम्मीला सांगितलं. पप्पा अंघोळीला होते, त्यांना नाही सांगितलं. हा भित्रेपणा आहे, माहितीय.

काकांनी घड्याळ बघितलं. "सहा दहा." एवढंच. लाईट माझ्या हातात. चार तास शिव्या. वर. खाली. तिच्या नाकावर सावली पडतेय, दिसत नाही का? कॉलेजात उजेड शिकवला नाही का? केटरिंगवाले पण हसायला लागले.

मुहूर्त दहा सतराचा. अंतरपाट धरला तेव्हा काकांनी मला पडद्याच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः माझ्या शेजारी. कॅमेऱ्याला तीच लेन्स, चोवीस-सत्तर. मी आत वाकून बघितलं, एफ-आठवर लावलेली होती. हे तर पाप आहे! एवढी उजेडवाली लेन्स घेऊन आतलं भोक बारीक करून ठेवायचं. मग कळलं. बारीक केलं की जवळचं पण शार्प आणि लांबचं पण. मग उजेड बाहेरून द्यावा लागतो. म्हणून लाईट.

तिथून दोघं दिसतात. इकडे नवरी, तिच्या हातात विड्याचं पान, त्यावर जिरं-गुळाचा गोळा. तिकडे नवरा, त्याच्या पण. तो ओठांनी काहीतरी मोजत होता. तिने अंगठ्याने गोळा दाबून धरला होता. मध्ये पांढरं कापड. एकमेकांना दिसत नाहीत, आम्हाला दोघं दिसतात. मला वाटलं होतं नवरे नुसते उभे असतात.

मुहूर्ताला चार मिनिटं असताना काकांच्या खिशातला फोन वाजला. माझा मी बंद करून ठेवला होता. काकांनी एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्याने फोन कानाला लावला. पप्पांचा आवाज मला शेजारी उभी राहून ऐकू येत होता. कंपनीतून फोन आला होता, पोरगी पोचली नाही, तुझ्याकडे आहे का, तू काय सांगितलंस तिला?

काकांनी ऐकून घेतलं. पंतुलुंनी वाजंत्रीवाल्यांना बोट दाखवलं, तयार राहा.

"दादा, माझी लाईटवाली आहे ती," काका म्हणाले. "मुहूर्त लागतोय. ठेव आता."

फोन खिशात गेला. डोळा कॅमेऱ्याला. माझ्याकडे न बघताच ओरडले, "वर धर! झोपलीस का?"

सन्नाई सुरू झाली. मी दोन्ही हातांनी लाईट वर धरली.